ओलेड की क्यूलेड: खोली आणि सवय बघून ठरवा
नवा टीव्ही ओलेड घ्यावा की क्यूलेड, या वादात सगळे काळ्या रंगावरच अडकलेत. मुळात क्यूलेड हा वेगळा पडदा नाहीच; तो एलसीडीच आहे, मागच्या निळ्या एलईडी दिव्यांपुढे क्वांटम डॉटचा, म्हणजे रंग शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा, थर लावलेला. रंग खुलतात, पण दिवा मागे राहतोच. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल (चित्राचा ठिपका) स्वतः उजळतो, स्वतः विझतो, म्हणून काळा खरोखर काळा.

मिनी एलईडी हाही एलसीडीचाच प्रकार, पण तो कोणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. त्यात मागचे दिवे शेकडो भागांत विभागून हवे तिथेच मंद करतात. पण एका भागापुढे हजारो पिक्सेल येतात, त्यामुळे काळ्या दृश्यावर पांढरी सबटायटल्स आली की अक्षरांभोवती धूसर उजेड पसरतो. काहींना तो फार खुपतो, काहींच्या लक्षातही येत नाही.

रात्री दिवे मालवून सिनेमे बघणाऱ्याने ओलेड घ्यावा, डोळे झाकून (म्हणजे घेताना, बघताना नको). दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावून ठेवायची सवय असेल तर मात्र जपून. खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो वर्षानुवर्षं त्याच जागी राहिले की तिथले पिक्सेल असमान झिजतात आणि कायमचा ठसा उमटू शकतो. भर उजेडाच्या खोलीतही मिनी एलईडीच बरा.

बाजूला बसून कोणी बघणार असेल तर एलसीडीचं पॅनेल व्हीए आहे की आयपीएस (पॅनेलचे हे दोन प्रकार), एवढं विचारा. व्हीएचा कॉन्ट्रास्ट चांगला, पण बाजूने रंग फिके पडतात. आणि दुकानातला सेट बहुधा भडक मोडवर असतो. सिनेमा मोड लावायला सांगून एखादं अंधारं दृश्य बघाच.