मदत हवी आहे : १९७१च्या टांगाईल उडीतले अण्णांचे सोबती आणि पुंगली पुलावर मारल्या गेलेल्या मित्राचं घर शोधायचं आहे

नमस्कार मंडळी,

माझे वडील (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो) दुसऱ्या पॅरा बटालियनमध्ये होते. ही मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, पण नावापुढच्या कंसात 'मराठा' राहिलं. त्यामुळे तिच्यात आपल्याच भागातली पोरं भरपूर असायची. बांगलादेशच्या लढाईत, ११ डिसेंबर १९७१ला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ पॅराशूटने जी उडी झाली तिच्यात अण्णा होते. त्या दिवशीचे त्यांचे सोबती आज कुठे आहेत, आणि पुंगली पुलावर गेलेल्या त्यांच्या जिवलग मित्राच्या घरचे लोक कुठे सापडतील, हे मला शोधायचं आहे. अण्णा आता सत्तरीच्या उताराला आहेत, ऐकू कमी येतं, पण स्मरणशक्ती ठणठणीत आहे.

ज्यांनी या लढाईबद्दल वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैमनसिंग आणि जमालपूरकडून पाकिस्तानची ९३ ब्रिगेड ढाक्याच्या दिशेने माघार घेत होती. ती सुखरूप ढाक्यात पोचली असती तर तिथला बचाव आणखी बळकट झाला असता. तिच्या वाटेवर टांगाईलच्या उत्तरेला लोहजंग नदीवरचा पुंगली पूल होता. हा पूल धरून वाट अडवायची, हे काम २ पॅराला मिळालं. कलाईकुंडा आणि डमडमहून पॅकेट, अँटोनॉव्ह, डाकोटा आणि कॅरिबू जातीची विमानं उडाली. दिवस मावळायच्या आत सातशेच्या आसपास जवान टांगाईलच्या शेतांत उतरले. त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांना पुढे महावीरचक्र मिळालं. अण्णा सांगतात, पायाला माती लागली तसे आजूबाजूच्या गावांतले लोक 'जय बांगला' म्हणत धावत आले, आणि तळ्यांत पडलेलं सामानही त्यांनीच ओढून बाहेर काढलं. संध्याकाळी पूल ताब्यात आला, पण रात्रभर हल्ले होत राहिले. अण्णांचा मित्र त्या रात्री गेला.

दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, जमालपूरची लढाई करून निघालेली १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, येऊन मिळाली. ज्याच्या त्याच्या तोंडी मराठी. आधी बंदुका रोखलेल्या, मग अंधारातच कोण कुठल्या तालुक्याचा याची चौकशी सुरू. अण्णांना तिथे शेजारच्या गावचा माणूस भेटला आणि घरची खुशाली कळली. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या तुकड्यांत २ पॅरा होती. त्याबद्दल अण्णा फारसं बोलत नाहीत. पुलाबद्दल बोलतात.

पेन्शनीत आल्यावर ही माणसं पोस्टकार्डांवर एकमेकांना धरून होती. डिसेंबर लागला की अण्णा गठ्ठा घेऊन बसायचे. मजकूर ठरलेला: आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवा, अमुक गेला, तमुकाच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाला, बाराव्याला, गावच्या जत्रेला ही मंडळी एसटीने लांबून यायची. मी लहानपणी या काकांच्या मांडीवर बसून पॅराशूट कसं उघडतं ते ऐकलंय. मग एकेक पोस्टकार्ड परत यायला लागलं. कोणी मुलाकडे मुंबईला गेलं, कोणाचा घरचा फोन बंद झाला. मोबाइल आले आणि घरात जपलेले जुने आकडे निरुपयोगी ठरले. वहीत जी नावं खोडलेली नाहीत, त्यांतले किती हयात आहेत हे अण्णांना ठाऊक नाही. ११ डिसेंबरला ते अजूनही अंघोळ करून, मरून टोपी घालून, गेलेल्यांची नावं मोठ्याने घेतात. पूर्वी सोबत दोन-तीन जण तरी असायचे. आता एकटेच घेतात, आणि आम्ही घरचे उभे राहतो.

मित्राचं नाव इथे उघड लिहीत नाही, कारण त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. तो वारणा खोऱ्यातला. १९७२ला सुट्टीवर आल्यावर अण्णा त्याच्या आईला भेटून आले होते. लग्न झालेलं होतं, मूल पोटात होतं. त्यानंतर काही वर्षं पत्रं चालली, मग वारणा धरणात गाव गेलं आणि लोक विखुरले. त्या मुलाला (किंवा मुलीला) अण्णांना एकदा भेटायचं आहे. बाप कसा होता हे सांगणारं आता फारसं कोणी उरलं नसेल, असं ते म्हणतात.

तर मला विचारायचं आहे ते असं. पॅराशूट रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय (जिथे सैनिकांच्या नोंदी असतात) अशा कामात मदत करतं का, आणि अर्ज कोणी करायचा, मी की अण्णांनी? उठून गेलेल्या गावातलं कुटुंब शोधायला सरकारी कागद कुठे मिळतील? आणि घर सापडलंच, तर इतक्या वर्षांनी त्यांच्या दारात जाऊन काय बोलायचं? तुमच्यापैकी कोणाच्या घरी २ पॅरा (मराठा) मधले कोणी असतील तर कृपया निरोप द्या.

माजी_हवालदार

ताई, तुमच्या अण्णांना माझा जय हिंद. मी पायदळातला, पॅराचा नाही, पण कागदपत्रांची वाट सांगू शकतो.

अर्ज अण्णांच्याच नावाने आणि त्यांच्या सहीने करा. आपला सेना क्रमांक, हुद्दा, भरतीचं आणि निवृत्तीचं साल, सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शनच्या आदेशाची) झेरॉक्स. अभिलेख कार्यालय बंगळुरूला आहे. दुसऱ्याचा घरचा पत्ता ते तुम्हाला हातात देतील ही अपेक्षा धरू नका, आणि देऊही नये. म्हणून वेगळ्या बंद पाकिटात पत्र घाला आणि 'हे कुटुंबाच्या नोंदीतल्या पत्त्यावर पुढे पाठवावं' अशी विनंती करा. पत्ता त्यांच्याकडे असणार, कारण फॅमिली पेन्शन त्यांच्याच कागदांवरून चालते.

मित्राचा सेना क्रमांक अण्णांना आठवतो का? पूर्ण नाही आठवला तरी चालेल. पलटणीत एकाच आडनावाचे चार जण असले की शेवटचे दोन आकडे लावून हाक मारतात, ते माणूस मरेपर्यंत विसरत नाही. नाव, गाव आणि ते दोन आकडे एवढ्यावर कारकुनाला फाइल काढता येते.

दुसरं, नोव्हेंबरची वाट बघू नका पण नोव्हेंबर सोडूही नका. हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारे सैनिक बँकेत येतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) पॉलिक्लिनिक, सैनिकी कॅन्टीन आणि बँक, या चार ठिकाणी मोठ्या अक्षरांत कागद लावा. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव एवढे जिल्हे केलेत तरी पुष्कळ. कराडला विजय दिवसाचा कार्यक्रम होतो तिथेही ७१चे लोक येतात. अण्णांना घेऊन जा.

वारणाकाठ

आमचंही गाव धरणात आणि अभयारण्यात गेलं, म्हणून लिहितोय. उठवलेली गावं एकाच जागी बसवली नाहीत. एका गावाचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या तालुक्यांत वसाहतींमध्ये गेले. पण वसाहतींना बहुतेक जुन्या गावाचंच नाव राहिलंय, त्यामुळे गावाच्या नावावरून शोध घेता येतो. जिल्हाधिकारी कार्यालयात पुनर्वसन शाखा असते, तिच्याकडे प्रकल्पग्रस्त खातेदारांच्या याद्या आहेत. त्यात मित्राचं नाव शोधू नका, तो तर आधीच गेला होता. त्याच्या वडिलांचं किंवा भावाचं नाव शोधा.

त्याहून सोपा रस्ता म्हणजे वसाहतीतल्या देवळात जाऊन बसा. आमच्याकडे देव सोबत आणलेत आणि जत्रेला सगळे तुकडे एकत्र येतात. एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारा, बांगलादेशच्या लढाईत कोणाचा पोरगा गेला. एका दमात सांगेल. गावाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा, आमच्या शेजारचं असेल तर मी स्वतः जाऊन येतो.

एक मात्र लक्षात ठेवा, पोटातल्या मुलासकट बाई माहेरी गेली असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा सासरच्या गावावर अडून बसू नका.

जुनी_कात्रणं

एक छोटी सूचना. टांगाईलच्या उडीचा म्हणून जो आकाशभर पॅराशूटांचा फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत छापला गेला, तो प्रत्यक्षात आग्र्याच्या सरावाचा होता. सैन्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यानेच पुढे ते सांगितलं आहे. त्या फोटोमुळे आणि बातम्यांमुळे एक अख्खी ब्रिगेड, म्हणजे पाच हजार माणसं उतरली असा जगाचा समज झाला, आणि ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींवर त्याचं दडपण आलं. तेव्हा त्या फोटोत अण्णांचे सोबती शोधत बसू नका. त्यापेक्षा पलटणीचे ग्रुप फोटो बघा. कोर्स संपल्यावर काढलेले, खाली नावं छापलेले फोटो बऱ्याच घरांत भिंतीवर असतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकातही मित्राचं नाव नक्की पाहा. २०१९ला ते खुलं झालं. तिथल्या त्यागचक्र नावाच्या भागातल्या भिंतींवर नाव आणि पलटण कोरलेली आहे, तिथल्या यंत्रावर नाव टाकलं की कुठल्या भिंतीवर आहे ते कळतं. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, आपल्या आडनावांची फार वाट लावतात. घरच्यांना ते नाव तिथे आहे हेच माहीत नसतं, असं मी दोन कुटुंबांत पाहिलंय.

आजोबांची_नात

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून थांबले. माझे आजोबा ६५च्या लढाईत गेले, आणि आमच्या घरी त्यांचे एक सोबती आले होते तेव्हा मी शाळेत होते. म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते.

अचानक जाऊ नका. आधी पत्र किंवा फोन. आजीला तयार व्हायला वेळ लागला होता, तिने तेवढ्यासाठी नवीन लुगडं नेसलं होतं. सोबत पत्रकार, सरपंच, हार-तुरे काही नेऊ नका. आमच्याकडे आलेल्या काकांनी गोळी कुठे लागली ते सांगितलंच नाही. आजोबा स्वयंपाकघरातून कांदे कसे पळवायचे, आजीची पत्रं कोणाकडून वाचून घ्यायचे, हे सांगितलं. आजी पोट धरून हसली आणि मग रडली. मृत्यूबद्दल तिने स्वतः विचारलं, दुसऱ्या दिवशी. तेव्हा त्यांनी खरं ते सांगितलं, काही झाकलं नाही. अण्णांना सांगा, विचारतील तेवढंच सांगायचं, पण विचारल्यावर टाळायचं नाही.

आणि मूल आता पन्नाशीचं आहे हे विसरू नका. त्यांना कदाचित राग असेल, की इतकी वर्षं कोणी का आलं नाही. तो ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णांना प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. शेवटचे दोन आकडे विचारले तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. गावाचं नाव 'वारणाकाठ' यांना निरोपात पाठवलं आहे. माहेरचा मुद्दा आमच्या डोक्यातच नव्हता. अण्णा म्हणतात, मित्राचं सासर शिराळ्याच्या बाजूला होतं, तिकडेही चौकशी करते.

अभिलेख कार्यालयाचा अर्ज आणि बंद पाकिटातलं पत्र अण्णा सांगतायत, मी लिहितेय. पत्रात लढाई कुठेही नाही, आग्र्याच्या ट्रेनिंगमधल्या पहिल्या उडीची हकिगत आहे. दोघे एकाच विमानात होते आणि दारातून एकामागोमाग निघाले.

चार ठिकाणी लावायचा कागदही तयार केला आहे. तुमच्या तालुक्यात लावता आला तर फार उपकार होतील. मजकूर असा :

२ पॅरा (मराठा). ११ डिसेंबर १९७१, टांगाईल उडी. पुंगली पूल. तुमच्या घरात या पलटणीतले कोणी असतील, हयात असोत वा नसोत, तर आम्हाला कळवा. एक सोबती तुमच्या फोनची वाट पाहत आहे. ऐकायला कमी येतं, तेव्हा मोठ्याने आणि सावकाश बोला.

खाली माझा नंबर असेल. तो इथे उघड टाकत नाही, ज्यांना कागद लावायचा आहे त्यांनी निरोप करा, लगेच पाठवते. बेळगाव आणि चंदगडकडचं कोणी आहे का इथे? वहीतली सर्वांत जास्त न खोडलेली नावं त्या बाजूची आहेत.