मदत हवी आहे: मेक्सिको सिटी, लग्नाची नोंद, जुनं स्पॅनिश हस्ताक्षर (साधारण १६३०)

मंडळी, इथे कुणाला जुनं स्पॅनिश हस्ताक्षर वाचता येतं का? छापील स्पॅनिश मला बऱ्यापैकी येतं, अडचण अक्षराची आहे. मनिलाहून गलबतांनी मेक्सिकोत नेलेल्या गुलामांबद्दल वाचत होते, त्यात आपल्याकडचेही बरेच होते, पण तिकडे आशियातून आलेल्या सगळ्यांनाच सरसकट 'चीनो' म्हणायचे, मग माणूस मलबारचा असो, बंगालचा असो नाहीतर फिलिपिन्सचा. म्हणून फॅमिलीसर्चवर (वंशावळी शोधायची वेबसाइट) तिथल्या साग्रारियो चर्चची जुनी रजिस्टरं चाळायला घेतली आणि एका पानावर गाडी अडलीय.

अक्षर 'प्रोसेसाल' वळणाचं (कोर्टकचेरीच्या कागदांतलं जुनं धावतं स्पॅनिश अक्षर) वाटतंय, लिहिणाऱ्याने हात उचललाच नाहीये, एक शब्द कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो पत्ता लागत नाही. मोडी वाचणाऱ्यांना हे दुखणं माहीत असेल! नेहमीची छोटी रूपं ओळखू येतात, म्हणजे 'दिचो'चं ('सदर', 'वर सांगितलेला') डी-एच-ओ, वर रेघ, किंवा एक्स-पीने सुरू होणारा 'क्रिस्तोबाल' (ती मुळात ग्रीक अक्षरं).

तर नवऱ्याच्या नावापुढे 'चीनो', मग कुणाचा तरी 'एस्क्लावो' (गुलाम), मग 'नातुराल दे' (मूळचा अमुक ठिकाणचा) आणि पुढे गावाचं नाव. मला ते सी-ओ-सी-एच-आय दिसतं, आयवर आडवी रेघ. रेघ म्हणजे गाळलेला एन धरला तर कोचीन. पण घरात ज्याला दाखवावं तो म्हणतो गोवा, कारण सगळ्यांना गोवाच हवाय 🙂 त्यापुढचं 'दे ला इंदिया दे पोर्तुगाल' (पोर्तुगीज हिंदुस्थानातला) स्वच्छ आहे, पण त्याने काहीच सुटत नाही, दोन्ही बंदरं पोर्तुगीजांचीच आणि १५८० ते १६४० स्पेन-पोर्तुगालचा राजा एकच, त्यामुळे दोन्हीकडून माणसं मनिलाच्या बाजारात पोचायची.

खाली साक्षीदारांत त्याच हातचा 'गास्पार' आहे, त्याच्या जी अक्षराची शेपूट ओळीखाली चांगली वळते, इथे तशी नाहीये. एवढ्यावर गोवा बाद करता येईल का? की नावाच्या सुरुवातीचा जी हे लोक वेगळा काढायचे नि मधला वेगळा? आणि शब्दाच्या मधून जे ओळीखाली उतरतंय तो एचच ना?

या वळणाचा अक्षरतक्ता कुणाकडे असेल तर प्लीज टाका. फोटो जोडलाय, वरून सहावी ओळ, झूम करून बघा, शाई पलीकडच्या बाजूची पण उमटलीय.