एकाच डेटाबेसवर नऊ संपादक: व्हर्जनिंगची कोणती पद्धत निवडावी?

प्रश्न: वागळे इस्टेटकर

नमस्कार. आमचे कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये असून जलवाहिन्या, व्हॉल्व्ह आणि चेंबर यांचे नकाशे अद्ययावत ठेवण्याचे काम आम्ही करतो. आजवर प्रत्येकाने आपल्या प्रभागाची प्रत स्वतःच्या संगणकावर घ्यायची, आठवडाभर तीत दुरुस्त्या करायच्या आणि शनिवारी एकाने सगळ्या प्रती जोडायच्या, अशी रीत होती. गेल्या महिन्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका व्हॉल्व्हची जागा एका सहकाऱ्याने प्रत्यक्ष पाहणी करून सरकवली. तो व्हॉल्व्ह दोन प्रभागांच्या सीमेवर असल्याने दुसऱ्या सहकाऱ्याने त्याच आठवड्यात त्याचा व्यास आपल्या प्रतीत दुरुस्त केला. जोडणीत दुसरी प्रत वर बसली आणि जागेची दुरुस्ती पुसली गेली. दुरुस्तीच्या पथकाने भलत्याच ठिकाणी खड्डा घेतला, तेव्हा हे आमच्या ध्यानात आले.

आता नऊ जणांनी एकाच डेटाबेसवर काम करावे असे ठरले आहे. आर्कजीआयएस या सशुल्क नकाशा-प्रणालीचे ट्रॅडिशनल व्हर्जनिंग, तिचेच ब्रँच व्हर्जनिंग (व्हर्जनिंग म्हणजे चालू नकाशा न बिघडवता बदलांची वेगळी आवृत्ती, ‘व्हर्जन’, सांभाळणे) किंवा पोस्टजीआयएस हा मुक्त नकाशा-डेटाबेस असे तीन पर्याय समोर आहेत. मंजुरीच्या प्रतीक्षेतील वाहिन्या कधी कधी सहा महिने तशाच राहतात आणि त्या चालू नकाशात दिसता कामा नयेत, ही मुख्य अट आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: नेरुळकर

एखादा बदल किती काळ अपुरा राहतो, हे आधी पाहावे. निवड बरीचशी त्यावरच ठरते. व्हॉल्व्हची दुरुस्ती दहा मिनिटांत संपते, तर आपल्या प्रस्तावित वाहिन्या सहा महिने अपुऱ्या राहतात. अशा दीर्घ बदलांसाठीच व्हर्जन लागते.

ट्रॅडिशनल पद्धतीत मूळ तक्त्याला हात न लावता नवे व बदललेले घटक एका जोडतक्त्यात आणि वगळलेले घटक दुसऱ्या जोडतक्त्यात नोंदले जातात. व्हर्जनचे उपव्हर्जन काढता येते आणि थेट डेटाबेसशी जोडून काम करता येते. ब्रँच पद्धतीत जोडतक्ते नसतात. प्रत्येक बदल, अगदी वगळणेसुद्धा, मूळ तक्त्यातच वेळेच्या शिक्क्यासह नवी ओळ म्हणून लिहिला जातो. तेथे संपादन केवळ फीचर सर्व्हिसमधून (सर्व्हरने नेटवर्कवरून पुरवलेल्या थरांतून) होते, म्हणजे आर्कजीआयएस एंटरप्राइझ ही सर्व्हर-प्रणाली आणि तिचे पोर्टल उभे करावे लागते. प्रत्येक व्हर्जन थेट डीफॉल्टपासूनच (मूळ चालू व्हर्जनपासूनच) निघते आणि त्यात एका वेळी एकच संपादक बदल करू शकतो. डीफॉल्टवर मात्र अनेक जण एकाच वेळी लिहू शकतात, फक्त तेथे केलेला बदल मागे घेण्याची सोय नसते.

आपण नव्याने सुरुवात करत असल्यामुळे मी ब्रँच पद्धत सुचवेन. पुढे युटिलिटी नेटवर्ककडे (जलवाहिन्यांसारखी जाळी हाताळणाऱ्या आर्कजीआयएसच्या रचनेकडे) जायचे झाल्यास तेथे अनेक संपादकांसाठी ब्रँच व्हर्जनिंगच लागते. आर्कमॅप या आर्कजीआयएसच्या जुन्या प्रणालीतून मात्र या पद्धतीने संपादन होत नाही, त्यामुळे नऊही जणांना आर्कजीआयएस प्रोवर आणावे लागेल.

उत्तर: ऐरोलीकर

सर्व्हर आणि परवान्यांचा खर्च झेपणार नसेल, तर पोस्टजीआयएस आणि क्यूजीआयएस हे मुक्त नकाशा-साधन यांचा विचार अवश्य करावा. प्रत्येक तक्त्यामागे इतिहासाचा तक्ता ठेवून ट्रिगरने (बदल होताच आपोआप चालणाऱ्या आदेशाने) जुनी ओळ, बदलणाऱ्याचे नाव आणि वेळ नोंदवता येते. क्यूजीआयएस जतन करताना बदललेलीच मूल्ये पाठवते, त्यामुळे आपल्या व्हॉल्व्हची जागा आणि व्यास या दोन्ही दुरुस्त्या तेथे टिकल्या असत्या. दोघांनीही व्यासच बदलला असता, तर मात्र नंतर जतन करणाऱ्याचा आकडा राहिला असता आणि आधीच्याला त्याचा पत्ताही लागला नसता. या उणिवेकडे काणाडोळा करू नये.

प्रस्तावित वाहिन्यांसाठी ‘स्थिती’ असा एक रकाना पुरेल असे प्रथम वाटते. आजची १५० मिमीची वाहिनी काढून तेथे २५० मिमीची प्रस्तावित असेल, तर मंजुरीपर्यंत दोन्ही रूपे सांभाळावी लागतात आणि तेथे तो रकाना अपुरा पडतो. कार्ट हे गिट या प्रोग्रामरांच्या आवृत्ती-नियंत्रण साधनाच्या धर्तीवरचे मुक्त साधन शाखा, तुलना आणि विलीनीकरण या तिन्ही गोष्टी ओळ-ओळ करून देते. मात्र ते मुख्यतः कमांड लिहून वापरायचे साधन असल्याने त्याची सवय नऊही जणांना लावावी लागेल.

प्रतिसाद: वागळे इस्टेटकर

दोघांचेही आभार. आमचे सहकारी आर्कजीआयएसवरच शिकलेले आहेत, त्यामुळे आमचा कल तिकडे आहे. तरी दोन शंका उरतात. एंटरप्राइझ मंजूर होईपर्यंत ट्रॅडिशनल पद्धतीने काम चालवावे का? आणि दोन दुरुस्त्यांची टक्कर कोणत्या निकषावर मानावी?

उत्तर: बेलापूरहून

मी ट्रॅडिशनल पद्धतीवर अनेक वर्षे काम केले आहे. ती वाईट नाही, परंतु तिला रोजची झाडलोट लागते. एका कार्यालयात कधीच मंजूर न झालेल्या एका वाहिनीचे व्हर्जन दोन वर्षे तसेच पडून होते. ते कोणाचे, हे विचारायला कोणी नव्हते, कारण ते काढणारा सहकारी नोकरी सोडून गेला होता. रोज रात्री कॉम्प्रेस (निरुपयोगी नोंदी काढून जोडतक्ते आटोपशीर करणारी क्रिया) चालवला जाई, पण त्या जुन्या व्हर्जनला लागणाऱ्या नोंदी काढता येत नसल्यामुळे जोडतक्ते फुगतच राहिले आणि साधा प्रभाग उघडायलाही मिनिटे लागू लागली. ते व्हर्जन काढून टाकल्यानंतर पहिल्याच कॉम्प्रेसमध्ये नकाशा पूर्ववत झाला. म्हणून प्रत्येक कार्यादेशाला एकच व्हर्जन द्यावे, नावात कार्यादेश क्रमांक असावा, आणि काम पोस्ट झाले (मूळ व्हर्जनमध्ये चढवले गेले) किंवा नामंजूर झाले की ते व्हर्जन त्याच दिवशी काढून टाकावे. ब्रँच पद्धतीत कॉम्प्रेसची गरज नाही, तरीही ही शिस्त तेथेही पाळावी. बेवारस व्हर्जन वर्षभराने रिकन्साइल करायला (मूळ व्हर्जनशी जुळवायला) घेतले, तर टकरींची यादी पाहूनच माणूस हात टेकतो.

टकरीचा निकष दोन प्रकारे ठरवता येतो: संपूर्ण घटकावर किंवा रकान्यागणिक. रकान्यागणिक ठेवल्यास आपल्या व्हॉल्व्हची टक्कर झालीच नसती आणि दोन्ही दुरुस्त्या आपोआप एकत्र झाल्या असत्या. तरीही जलवाहिन्यांसाठी माझा आग्रह संपूर्ण घटकावरच आहे. समजा, एकाने वाहिनीचा व्यास बदलला आणि दुसऱ्याने त्याच वाहिनीचे साहित्य बिडाऐवजी एचडीपीई (प्लास्टिक) केले. रकाने वेगळे असल्यामुळे प्रणाली दोन्ही बदल मुकाट्याने स्वीकारील आणि जमिनीत कधीच न टाकलेली वाहिनी नकाशावर उमटेल. तेथे माणसानेच थांबून पाहणीचा कागद पाहायला हवा. रिकन्साइल करताना एकाच बाजूच्या सर्व नोंदी सरसकट स्वीकारण्याची सोय मोहात पाडते, तिच्यापासून दूर राहावे.

एंटरप्राइझ वर्षभरात येणार असेल, तर मध्ये ट्रॅडिशनलची पायरी घेऊ नये. पद्धत बदलताना सगळी व्हर्जने आधी पोस्ट करून मिटवावी लागतात आणि आपले सहा-सहा महिने अडकलेले प्रस्ताव नेमके त्याच वेळी आडवे येतील.

प्रतिसाद: वागळे इस्टेटकर

वाहिनीच्या व्यासाचे आणि साहित्याचे उदाहरण आमच्या अभियंत्यांना लगेच पटले. पोर्टल येईपर्यंत आम्ही साध्या, व्हर्जनविना संपादनावर राहू, प्रस्तावित वाहिन्या स्वतंत्र तक्त्यात ठेवू आणि प्रभागाच्या सीमेवरील प्रत्येक व्हॉल्व्ह एकाच ठरावीक संपादकाकडे सोपवू. पुढे ब्रँच पद्धतीला लागणारे ग्लोबल आयडी (प्रत्येक नोंदीचा एकमेव ओळखक्रमांक) सर्व तक्त्यांना आताच देतो आणि पहिली चाचणी कोलशेतच्या वाहिन्यांवर घेतो.