ऑर्डेट: शेवट अचानक वाटतो का?

कुणीतरी म्हटलंय की कार्ल ड्रायरच्या ऑर्डेट या डॅनिश पिक्चरचा (1955) शेवटचा चमत्कार एकदम अंगावर येतो. मला नाही पटत. (स्पॉयलर आहेत, पिक्चर पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.) म्हाताऱ्या मॉर्टनची बाळंतपणात मेलेली सून इंगर शेवटी जिवंत होते, पण ड्रायर त्याची तयारी आधीपासून करतोय. म्हातारा मॉर्टन आणि पीटर शिंपी दोघंही कट्टर ख्रिश्चन, पण पंथ वेगळे, म्हणून मॉर्टनचा पोरगा आणि पीटरची पोरगी यांचं लग्न अडलंय. गंमत म्हणजे मॉर्टनचाही आधी विरोधच असतो, पण शिंप्याने आपल्या पोराला नाकारलं हे कळल्यावर म्हाताऱ्याचा इगो दुखावतो आणि तो स्वतःच सोयरीक जुळवायला निघतो :) तिथे वाद चालू असताना फोन येतो की सून इंगर बाळंतपणात अडलीये, तर शिंपी म्हणतो तुला खरी श्रद्धा यावी म्हणून ती मेली तरी चालेल! म्हातारा त्याच्या अंगावरच जातो, आणि जाईल नाहीतर काय. एवढे देव देव करणारे लोक, पण मेलेला माणूस उठू शकतो यावर विश्वास फक्त मॉर्टनच्या वेड्या ठरवलेल्या दुसऱ्या पोराचा, योहानेसचा, आणि इंगरच्या छोट्या पोरीचा. आणि मिक्केल, इंगरचा नास्तिक नवरा, तिचा आत्मा देवाकडे गेला म्हणून बाप समजूत घालतो तर म्हणतो माझं तिच्या शरीरावरही प्रेम होतं. मला तर चमत्कारापेक्षा हेच जास्त लागलं.