मुलांच्या सीट आमच्यापासून लांब पडू नयेत म्हणून काय करू? (मोपा ते दिल्ली, दोन पीएनआर)

कुडीवाली

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र. आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

आम्ही म्हापशाचे. नोव्हेंबरात दिराचं लग्न दिल्लीला आहे. मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि सव्वाचार वर्षांची मुलगी असे पाच जण गोव्याच्या मोपा विमानतळाहून निघणार. पाच तिकिटं एकदम काढायला गेलं की भाडं चढं दिसत होतं. म्हणून नवऱ्याने दोन हप्त्यांत काढली. आधी सासूबाई आणि दोन्ही मुलं, मग आम्ही दोघं. माणशी साडेचारशे वाचले म्हणून दोन दिवस मिशीला पीळ देत फिरत होता. आता सीट निवडायला बसले तर जी जागा दाबावी तिला पैसे. पाच जणांचे जायचे-यायचे धरले तर वाचवलेले जाऊन वर पदरचे घालावे लागतायत. शिवाय आई-बाप एका पीएनआरवर, पोरं दुसऱ्यावर.

इतकी का घाबरलेय ते सांगते. मे महिन्यात हैदराबादहून मी आणि लेक दोघीच येत होतो. एकच पीएनआर, सीटचे पैसे भरले नव्हते. बोर्डिंग पास हातात आले तर मी आठव्या रांगेत, ती तेविसाव्या रांगेत, मधल्या सीटवर! तेव्हा तिला चार पूर्ण नव्हती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आत गेल्यावर क्रू बघेल." आत क्रू म्हणे, "आता बसून घ्या, वर गेल्यावर बघू." माझ्या शेजारच्या गृहस्थांना विचारलं, ते म्हणाले मी या सीटचे पैसे भरलेत. खरंच भरले होते, त्यांना काय बोलणार.

बेल्टचा दिवा विझेपर्यंतची ती वीसेक मिनिटं मला अजून आठवतात. लेकीला भीती वाटली की माझ्या कानाची पाळी चिमटीत धरायची सवय आहे. दिवा विझल्याबरोबर मागे धावले. बघते तर ती शेजारच्या बाईंची पाळी धरून बसलेली. सावंतवाडीच्या होत्या त्या. मान वाकडी करून, कुडी काढून मुठीत धरून, निमूट कान देऊन बसल्या होत्या बिचाऱ्या. पुढे त्या माझ्या जागी जाऊन बसल्या. मी नाव विचारायचंसुद्धा विसरले.

तर प्रश्न असे. मुलांना पालकांशेजारी बसवायचा नियम झालाय असं ऐकलं, तो खरा का? खरा असेल तर दोन पीएनआर असताना लागू होतो का? आणि गप पैसे भरून मोकळी होऊ का?

नारळीपौर्णिमा

भरा आणि सुटा. लग्नाला पाच जण दिल्लीला निघालात, सीटच्या पैशांत काय बघता? मी नेहमी पैसे भरून खिडकी घेतो आणि दर वेळी कोणीतरी मूल पुढे करून "भाऊ, जरा उठता का" म्हणतं. नाही म्हटलं की सगळी रांग माझ्याकडे खुन्याकडे बघावं तशी बघते.

जुना काउंटरवाला

मी सहा वर्षं विमानतळावर चेक-इनला होतो, आता नाही. म्हणून मोकळेपणी लिहितो.

नियम खरा आहे. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, परिपत्रक काढून विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट द्या आणि त्याची नोंद ठेवा. यात दोन शब्द नीट वाचा. एक, 'त्याच पीएनआरवरच्या'. दुसरा, 'निदान एका'. सगळं कुटुंब एका रांगेत बसवायचं वचन यात कुठेही नाही. तुमच्या मेच्या प्रवासाला मात्र तो सरळ लागू होता, तेव्हाच काउंटरवर अडून बसायला हवं होतं.

गंमत म्हणजे त्याच परिपत्रकात पसंतीच्या सीटचे वेगळे पैसे घ्यायलाही परवानगी आहे. फक्त ते ऐच्छिक हवेत, आणि ज्याने सीट निवडली नाही त्याला आपोआप सीट देण्याची सोय हवी. गोंधळ इथेच होतो. लोकांनी खिडकीच्या आणि कडेच्या सीट विकत घेतलेल्या असतात, मग आपोआप वाटायला उरतात सुट्यासुट्या मधल्या. मूल एका मधलीवर, आई दुसऱ्या मधलीवर.

आता तुमचं. नवऱ्याने भाड्याचं ओळखलं ते बरोबरच. स्वस्त गटात तीनच तिकिटं उरली असतील आणि पाच मागितली, तर पाचही महागड्या गटातून निघतात. पण माणसं वाटताना गणित चुकलं. एका पीएनआरवर तुम्ही आणि दोन्ही मुलं, दुसऱ्यावर नवरा आणि सासूबाई, असं हवं होतं. सध्या कंपनीच्या यंत्राच्या हिशेबी मुलांबरोबरचं मोठं माणूस म्हणजे आजी.

आजच कंपनीला फोन करा. दोन्ही पीएनआर सांगा, मुलांची वयं सांगा आणि दोन्ही बुकिंगवर एकमेकांचा शेरा टाकायला लावा. शेरा टाकला म्हणजे सीट मिळाली असं नाही. पण काउंटरवर पडद्यावर तो दिसला की आमच्यासारख्याला हालचाल करता येते. वेब चेक-इन सुरू होईल त्या मिनिटाला दोन फोन घेऊन दोन्ही पीएनआर एकदम करा. तरीही लांब पडलात तर विमानतळावर लवकर पोचा आणि काउंटरवरच सोडवून घ्या. 'आत बघतील' यावर हलू नका. आतल्या क्रूकडे रिकाम्या सीट आणि लोकांची दया एवढंच असतं.

आणि नकाशात आपत्कालीन दाराजवळची रांग मोकळी दिसली म्हणून हुरळू नका. तिथे मुलांना बसवत नाहीत.

ब्रॅम्प्टनचा पाव्हणा

इकडे कॅनडात नियम वयाप्रमाणे आहे. पाच वर्षांखालचं मूल पालकाच्या अगदी शेजारी. पाच ते अकराचं त्याच रांगेत, मध्ये फार तर एक सीट. बारा-तेराचं फार तर एक रांग सोडून. आणि त्यासाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत. 'जवळ' म्हणजे किती जवळ हे लिहून ठेवलंय, त्यामुळे काउंटरवर वाद कमी.

कुडीवाली

काउंटरवाले दादा, मनापासून आभार. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मिशी खाली आली.

पण सासूबाई बहात्तरच्या, गुडघे धरलेले. वरून मास्क खाली आले तर आधी स्वतःला लावायचा, मग मुलाला. त्यांच्याने दोन पोरांचं होणार नाही. तेव्हा पैसे भरायचेच तर कुठल्या सीटचे भरू?

जुना काउंटरवाला

पाचांचे भरू नका. धाकटी आणि तिच्या शेजारी तुम्ही, एवढ्या दोनच विकत घ्या. पीएनआर वेगळा असला तरी विकत घेतलेल्या सीट शेजारी-शेजारी घेता येतात. थोरला नऊचा आहे, तो आजीबरोबर त्याच पीएनआरवर आहे, त्यांना नियम लागू. नवरा मधल्या सीटवर कुठेही बसू दे, साडेचारशे त्यानेच वाचवलेत.

पेडण्याची पोर

कुडीवाली, येतानाचं तिकीटही मोपाचंच आहे ना, बघून घ्या. आमच्या शेजाऱ्यांनी असंच तुकड्या-तुकड्यांत बुकिंग केलं. जाताना मोपा, येताना निम्मे मोपाला आणि निम्मे दाबोळीला, गोव्याच्या दुसऱ्या विमानतळावर. गाडी मोपाच्या पार्किंगमध्ये आणि किल्ली दाबोळीला उतरलेल्याच्या खिशात.

आणि मेच्या प्रवासाचे बोर्डिंग पास जपून ठेवले असतील तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. सीट क्रमांक आणि मुलीचं वय दोन्ही लिहा.

कुडीवाली

येतानाचं पण मोपाच, आत्ताच दोनदा तपासलं. देव बरें करूं!

फोन केला. पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं, मग दोन्ही बुकिंगवर शेरा पडला. बाईंनी तो वाचून दाखवला, मी वहीत उतरवून घेतला. माझ्या आणि लेकीच्या सीट जाता-येता विकत घेतल्या. मेचा एक पास सापडला, लेकीचा. माझा बहुधा पर्सबरोबर धुऊन निघाला.

आता नवीनच. गुडघ्यासाठी कडेची सीट बरी म्हणून सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणतात पहिल्यांदाच विमानात बसतेय, मला खिडकीच पाहिजे. थोरल्याला पण खिडकीच हवी. दोघंही एकाच पीएनआरवर.