आठवण माझी, की चित्रफितीची?

प्रश्न
वडिलांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत सुपर ८ कॅमेऱ्याने चित्रित केलेली सात मूक रिळे मला नुकतीच मिळाली. लहानपणी ती आम्ही घरी अनेकदा पाहिली होती. एका रिळात मी पहिली पावले टाकत आहे आणि आजी हात पुढे करून मागे मागे सरकत आहे. हा प्रसंग मला स्वतःला आठवतो अशी माझी समजूत होती. परंतु आठवणीतही मी स्वतःला बाहेरून, कॅमेरा जेथे होता तेथूनच पाहते, हे आता लक्षात आले. मग या फितीने नेमके काय जपले? आणि रिळांचे डिजिटल रूपांतर करताना कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. इतक्या लहान वयातले प्रसंग मोठेपणी सहसा आठवत नाहीत, त्यामुळे आपली आठवण फितीवरूनच घडली असावी. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस प्रौढांना त्यांच्या बालपणीच्या खऱ्या छायाचित्रांमध्ये मिसळून एक बनावट छायाचित्र दाखवले गेले, ज्यात ते गरम हवेच्या फुग्यातून सफर करताना दिसत होते; तीन मुलाखतींअखेर त्यांतल्या निम्म्या जणांना ती कधीच न घडलेली सफर थोडीफार तरी ‘आठवू’ लागली होती. तरीही आपली आठवण खोटी म्हणू नये, कारण प्रसंग घडलाच होता. फक्त तो आपण वडिलांच्या जागेवरून पाहत आहात.

प्रतिसाद २
मी रिळे स्कॅन करण्याचे काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरतेच लिहितो. प्रथम प्रत्येक डबा उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ॲसिटेटच्या (एका प्रकारच्या प्लास्टिकच्या) फितीचे विघटन सुरू झाले आहे असे समजून ते रीळ इतरांपासून वेगळे ठेवावे. मोह कितीही झाला तरी जुन्या प्रोजेक्टरवर रीळ चढवू नये, कारण आकसलेल्या फितीची छिद्रे दात्यांवर नीट बसत नाहीत आणि ती फाटते. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे स्कॅन करून घ्यावी. अशा घरगुती मूक फिती बहुधा सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने चित्रित होत. त्या २४च्या वेगाने चालवल्या तर आजी धावत सुटल्यासारखी दिसेल! स्कॅन झाल्यावरही मूळ रिळे टाकून न देता थंड, कोरड्या जागी ठेवावीत.

प्रतिसाद ३
स्कॅन झालेली दृश्ये घरातील ज्येष्ठांना दाखवावीत आणि त्या वेळचे त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, असे मी सुचवेन. आमच्याकडे आईने चित्रातल्या माणसांपेक्षा कॅमेरा धरणाऱ्या काकांविषयीच अधिक सांगितले: ते कोणाला हसवत होते, कोणावर रागावले होते, चित्रण मध्येच का थांबले. हे कोणत्याही चौकटीत नव्हते, आणि आई गेल्यावर ते कोणी सांगू शकले नसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे आभार. वास घेऊन पाहिला. दोन डब्यांना आंबट वास आहे, म्हणून ती रिळे आधी स्कॅनसाठी देत आहे. सातही रिळांत वडील कोठेच दिसत नाहीत, हे मात्र प्रतिसाद ३ वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. काल डबे चाळताना एका रिळाचे टोक उजेडासमोर धरले, तेव्हा अंगणात पडलेली एक सावली दिसली, कोपर उंच धरलेली. आत्याला सर्वप्रथम तेच रीळ दाखवणार आहे.