परमुलखात जाऊन घरं बांधणाऱ्यांनो, इथे लिहा

माणदेशी

घर बांधणारा माणूस गाव सोडून दुसऱ्या मुलखात जातो तेव्हा हातातली कला सोबत येते, जमीन मात्र तिथली असते. ती जमीन, तिथला पाऊस, तिथली माणसं तुम्ही कशी समजून घेतलीत ते ऐकायचं आहे. गवंडी, सुतार, ठेकेदार, इंजिनियर, त्यांच्या घरचे, घर बांधून घेणारे, कुणीही लिहा. शहरातल्या टॉवरवरचे अनुभव इथे नकोत. ज्याचा मालक रोज संध्याकाळी येऊन भिंत किती चढली ते बघतो, त्या घराबद्दल लिहा.

सुरुवात मी करतो. मी माण तालुक्यातला, ठेकेदारी वडिलांपासूनची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या घरांची कौलं आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. दुरुस्तीला माणसं मिळत नव्हती. ओळखीतून निरोप आला म्हणून गवंडी घेऊन दापोलीला आलो, आणि दुरुस्त्या संपल्यावर इथलाच झालो.

आमच्याकडे काळ्या मातीत घर उठवायचं तर मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, कारण ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. इथे सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, वीतभर खणलं की कातळ. पाया स्वस्तात होतो, पण सगळी अक्कल पाण्याला वाट काढून देण्यात लागते. डोंगराच्या अंगाला चर, उंच जोतं आणि पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब नेणारी पन्हळ या तीन गोष्टी ठरल्याशिवाय मी आता दोरी लावत नाही.

जांभा चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागेल तसा टणक होतो. सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद, वजन तीस किलोच्या आसपास. विटेवर वाढलेल्या गवंड्याला त्याची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. इथल्या एका म्हाताऱ्या गवंड्याकाकांनी मला खाणीवर नेलं आणि चिरा हाताने निवडायला शिकवलं. पिवळसर मातीच्या गाठी असलेला आतल्या भिंतीला, घट्ट लाल तो जोत्याला आणि पश्चिमेला. पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून आडवा येतो आणि ती भिंत चार महिने भिजत राहते. जुन्या घरांना त्या अंगाला पडवी असायची, पावसाळ्याआधी तिला झावळ्यांची झडप बांधत. आजच्या मालकाला तिथेच समुद्र दिसणारी मोठी खिडकी हवी असते. खिडकी मी देतो, पण वर दोन-अडीच फूट बाहेर आलेलं छप्पर घेतल्याशिवाय नाही, त्यासाठी काम सोडायचीही तयारी ठेवतो.

समुद्राजवळ काँक्रीटचंही तसंच. देशावरच्या कोरड्या हवेत सळईवर २० मिलिमीटर आवरण पुरतं. खाऱ्या वाऱ्यात आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ४५ मिलिमीटर लागतं आणि काँक्रीट एम ३० या ताकदीचं. खर्च वाढतो म्हणून मालक नाराज होतात. त्यांना मी गावातलंच एखादं जुनं स्लॅबचं घर दाखवतो, जिथे सळ्या फुगून खालचा थर सुटलेला असतो.

खारेपाटण

माणदेशी, मी घर बांधून घेणाऱ्यांपैकी. मुंबईत राहणारा, गावी घर बांधलं. ठेकेदार विजापूरकडचा होता. तो आला तेव्हा वाडीतल्या कुणी त्याला दर विचारला नाही, पाणी कुठून घेणार एवढंच विचारलं. मार्च संपला की आमची विहीर तळाला जाते. चिऱ्याच्या बांधकामाला पाणी लागतं, स्लॅबला त्याहून जास्त. त्याने पहिल्या दिवसापासून टँकर लावला आणि वाडीच्या विहिरीला हात लावला नाही. पुढे वाडीतली आणखी कामं त्याच्याकडे गेली ती त्यामुळे.

बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. काम घेण्याआधी सातबारा बघा. कोकणात सामायिक सातबारावर चुलत्या-पुतण्यांची, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची अशी पाचपंचवीस नावं असतात. जोतं झाल्यावर एखाद्या हिस्सेदाराने हरकत घेतली तर मालक मुंबईला निघून जातो आणि ठेकेदाराची माणसं बसून राहतात.

जोडदगड

मी लातूर जिल्ह्यातला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा डिप्लोमाला होतो. आमच्याकडची माळवदाची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी वर माती टाकायची, वजन वाढत जायचं. भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण आतून ती दोन भिंतींची असे, मध्ये भर घातलेली. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार जोडदगड नसला की हादऱ्यात ती फाकते आणि वरचं ओझं माणसांवर येतं. इथे मी घेतलेलं नाव तिथूनच आलं आहे.

पुनर्वसनाच्या कामावर मी धंदा शिकलो. कोपऱ्यांची बांधणी, दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, छप्पर हलकं ठेवणं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं मजबूत झाली, पण सरळ रेषेतल्या रस्त्यांमुळे भावकी विखुरली, गोठ्याला जागा उरली नाही, शेतं लांब पडली. याउलट ज्या गावांत लोकांनी आपलंच घर दुरुस्त करून पट्टा घालून घेतला, तिथे घराशी नातं टिकलं असं माझं ठाम मत आहे.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं आणि मी तिकडे गेलो. तिथली रीत मला पटली. बरीचशी घरं मालकाने स्वतः बांधायची, शासनाने पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि प्रत्येक टप्पा इंजिनियरने तपासून सही करायची. मी तपासणीच्या आधी गवंड्यांना तयार करायचो. गुजराती कामापुरती यायची, कच्छी अजिबात नाही. बन्नी भागात भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, पाहिली. आजूबाजूची चौकोनी दगडी घरं कोसळलेली आणि त्यातले बरेच भुंगे उभे. गोल भिंतीला कोपरा नाही, वर गवताचं हलकं छप्पर. आम्ही पुस्तकातून सांगत होतो ते तिथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवलं होतं. त्यानंतर मी कुठल्याही गावात आधी काय पडलं नाही ते बघायला लागलो.

खारेपाटण, तुमचा पाण्याचा मुद्दा तिथे फार मोठा होता. जमिनीतलं पाणी खारं, ते काँक्रीटला चालत नाही. गोड्या पाण्याचा टँकर आला की आधी माणसं आणि जनावरं. त्यामुळे खांबांना ओलं गोणपाट गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधायचो, थोडक्या पाण्यात ओल टिकायची. आणि आराखडा आधी घरातल्या बायकांना दाखवायचा. चूल कुठे, पाणियारं (पाण्याच्या माठांची जागा) कुठे, लिंपण कोण करणार हे सगळं त्यांच्याकडे असे. त्यांनी मान डोलावली की पुरुषांची हरकत क्वचित यायची.

शिंपल्यांची खिडकी

मी गडहिंग्लजची, गोव्यात बार्देस तालुक्यात जुनी घरं दुरुस्त करते, अधूनमधून नवंही बांधते. जोडदगड यांनी जुन्या बांधणीतल्या शहाणपणाबद्दल जे लिहिलंय तेच इथे वेगळ्या रूपात भेटतं. जुनी गोवेकर घरं चिऱ्याची, मातीत किंवा चुन्यात रचलेली, वरून चुन्याचा गिलावा. ही भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत अडकते, रंगाचे पापुद्रे निघतात, खाली पांढरे क्षार दिसतात. माझ्या बऱ्याच कामांची सुरुवात असा गिलावा काळजीपूर्वक उतरवण्यापासून होते. मग चुना. तो विरवून मुरायला वेळ द्यावा लागतो, आणि घाईतल्या मालकाला हे समजावणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

इथल्या मेस्तांनी, म्हणजे जुन्या कारागिरांनी, मला सुरुवातीला जवळ केलं नाही. बाई आहे, घाटावरची आहे, कागदावर रेघा मारते. एका वयस्क सुतार मेस्ताने छपराचे वासे ठोकून आवाजावरून पोकळ कुठला ते दाखवलं आणि मी त्यांच्यामागे शिडीवर चढून प्रत्येक वाशावर खडूने खूण करत गेले. त्या घराचे निम्म्याहून जास्त वासे वाचले. तेव्हापासून ते मला काम सुचवतात.

कागदपत्रांबद्दल खारेपाटण यांनी लिहिलं ते गोव्यात दुप्पट लागू. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो, साधारणपणे नवरा-बायको मालमत्तेचे समान भागीदार आणि मुलगे-मुली दोघेही वारस. एका घराच्या सह्या म्हापशात, मुंबईत आणि लिस्बनमध्ये असू शकतात. वकिलाने वारसांची यादी तपासल्याशिवाय मी एक कौलही हलवत नाही.

गवंड्याचा मुलगा

वरचं सगळं वाचलं. मला वेगळं सांगायचं आहे. माझे वडील बीड जिल्ह्यातून पुण्याला आले, बंगल्यांची कामं करायचे. बंगला पुरा होईपर्यंत आम्ही त्याच्याच एका अर्धवट खोलीत राहायचो. फरशी बसली, रंग लागला की सामान बांधून पुढच्या जोत्यावर. दर वेळी शाळा तुटायची, कारण नव्या शाळेत आधीच्या शाळेचा दाखला मागायचे. माझी आई त्यासाठी मजुरी बुडवून फिरायची, आणि तिच्यामुळे मी शिकलो.

ठेकेदारांनी दोन गोष्टी करा असं मनापासून सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. ही माहिती कामावरच्या प्रत्येक आईपर्यंत पोचवा आणि गरज पडली तर स्वतः शाळेत जा. दुसरं, बांधकाम कामगारांची नोंदणी होते, तिला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो तुमच्या सहीचा असतो. माझ्या वडिलांना तो कधी मिळाला नाही.

माणदेशी

गवंड्याचा मुलगा, माझ्याकडची माणसं दिवाळीनंतर येतात आणि पावसाआधी जातात. त्यातल्या तिघांची मुलं इथल्या जिल्हा परिषद शाळेत आहेत. नोंदणीच्या दाखल्यांचं काम मी या हंगामात सगळ्यांसाठी करतो. काय काय कागद लागतात ते कृपया इथे सविस्तर लिहा, इतरांनाही उपयोग होईल.

उत्तरेचं ऊन

मी ठाण्याचा, सुतारकीचं काम करतो, सध्या न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर इथे पुनर्बांधणी सुरू झाली तेव्हा आलो. इथलं घर म्हणजे लाकडाचा सांगाडा. ९० बाय ४५ मिलिमीटरचे पाइनचे उभे खांब, मध्ये आडव्या पट्ट्या, बाहेरून आवरण, आतून प्लास्टरबोर्ड. भारतात मी दारं-खिडक्या आणि फर्निचर करायचो. इथे लाकूडच सगळं घर पेलतं. २०१२ पासून सांगाडा, छप्पर आणि पाणी रोखण्याची कामं परवानाधारक कारागिरानेच किंवा त्याच्या देखरेखीखाली करायची असा नियम आहे. मीही आधी दुसऱ्याच्या हाताखाली राहिलो. नगरपालिकेचा तपासनीस टप्प्याटप्प्याने येतो आणि भिंत बंद करण्याआधी लाकडातला ओलावा मोजलेला असावा लागतो.

हे कडक नियम दुःखातून आले आहेत. १९९० च्या दशकात आणि २००० नंतरची काही वर्षं इथे हजारो घरांच्या भिंतींत पाणी शिरून सांगाडे कुजले. प्रक्रिया न केलेलं लाकूड, पाखं नसलेली छपरं आणि थेट सांगाड्यावर ठोकलेलं बाहेरचं आवरण. लोकांची आयुष्यभराची कमाई गेली. आता बऱ्याच भिंतींत आवरण आणि सांगाडा यांच्यात साधारण २० मिलिमीटर पोकळी ठेवतात. पाणी आत आलंच तर खाली उतरून बाहेर जातं आणि हवा खेळते.

ऊनही उलटं आहे. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे बसायची खोली उत्तरेला हवी. इथल्या मराठी मंडळींची घरं करताना वास्तूच्या पुस्तकातली दिशा आणि हिवाळ्यातलं ऊन यांची सांगड घालावी लागते. मी त्यांना जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, दुपारी प्लॉटवर उभं करतो, मग बोलणं सोपं होतं.

वैदर्भी मेस्त्री

थोडक्यात लिहितो. मूळचा सावंतवाडीचा, नागपूरला स्थायिक. कोकणात ओलीशी लढायचो, इथे ओल टिकवायला लढतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की स्लॅब पहाटे किंवा संध्याकाळी ओतायचा, खडीवर आधी पाणी मारून ती थंड करायची, आणि काँक्रीट आवळल्यावर लगेच आळी करून पाणी भरायचं. सात दिवसांत पाणी थांबवा म्हणणारे मालक भेटतात. कोरड्या गरम हवेत दहा दिवस तरी मी सोडत नाही.

माणदेशी

उत्तरेचं ऊन, तुमच्या पोकळीवरून विचारतो. आमच्या पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीला हे करता येईल का? बाहेर चिरा, आत वीट, मध्ये दोन इंच मोकळे?

शिंपल्यांची खिडकी

मी मध्येच उत्तर देते, कारण हे काम सध्या माझ्याकडे चालू आहे. असं करता येतं. दोन्ही भिंती गंज न धरणाऱ्या पट्ट्यांनी ठरावीक अंतरावर बांधायच्या आणि चिऱ्याच्या तळाच्या रद्द्यात (थरात) दर तीन-चार फुटांवर एक उभा सांधा मोकळा ठेवायचा, पाणी तिथून निघतं. बांधताना पोकळीत पडणारा मसाला रोज संध्याकाळी काढला पाहिजे, नाहीतर तोच ओल आतल्या विटेपर्यंत नेतो. खिडकीच्या चौकटीभोवती काय करायचं ते फोटोंसकट टाकते, आधी हा पावसाळा त्या भिंतीवरून जाऊ दे.